पारा

कुंदेवाडीला पारा साडेचारवर आलाय म्हणे.
उद्या पेपरात येईल,
पानावर गोठलेल्या दवाच्या फोटोसकट.
आणि मी रात्री तीनला गच्चीवर,
सुती गाऊन, अनवाणी.
गाऊनला पदर नसतो,
मानेचा घाम उशीच्या अभ्र्याने पुसते.

खाली मोगलांच्या बागेत शेकोट्या पेटल्यात.
मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बापलेक
ओला पाचोळा टाकून धूर करतायत,
कानावर मफलर, हात काखेत.
थोरल्याने वर पाहिलं.
"सिस्टर, झोप नाही का?"
म्हटलं, "गरम होतंय."
त्याला ऐकू गेलं नसावं.
मी मनात म्हटलं, शिडी लाव बाबा,
मला आणून ठेव दोन ओळींच्या मधोमध,
अर्धा एकर तरी वाचेल.

दिवसभर बाया मला विचारतात.
केसपेपर काढताना नाही.
बीपीचा पट्टा दंडाला गुंडाळला,
पडदा ओढला,
पट्ट्यात हवा भरू लागले
की आवाज खाली येतो.

"सिस्टर, दीड वर्ष झालं बंद होऊन, आन् परवा डाग दिसला.
लिंबू खाल्लं होतं, त्यानं असंल?"
लिंबानं नाही, चंद्रकलाबाई.
आत जा. मॅडमना दाखवा, आजच.
कांद्याची गाडी उद्या भरा.

"कुकरच्या शिट्टीला रडले. येड लागलंय का मला?"
"छाती धडधडते, हार्टचं असेल?"
असेलही, नसेलही. ईसीजी काढू, मग बोलू.

देवरेबाई, मुख्याध्यापिका,
तीस वर्षं हजेरी घेतली,
परवा समोरच्या पोराचं नाव येईना.
"जिभेवर नुसती हवा हो," म्हणाल्या,
आणि चष्मा पुसत बसल्या, पुसलेलाच.

झुलेखा तीनदा आली.
दोनदा नुसतं वजन करून गेली.
तिसऱ्यांदा म्हणाली, "हे जवळ येतात तेव्हा आग होते."
मंगळवारी मॅडम असतात, तिला त्या रांगेत बसवलं.
म्हटलं, मलम त्या देतील.
'आज नको' हेही औषधच आहे,
फुकट मिळतं, तेही घे.

फक्त गांगुर्डे मावशी हसत आल्या.
"सुटले गं! आता बारा महिने लोणच्याला हात, देवाला हात."
मग जरा थांबून,
"देवाला कधी विचारलंच नव्हतं म्हणा."

मी सांगते सगळ्यांना,
नाचणी खा, तीळ खा, सकाळचं ऊन अंगावर घ्या,
कालव्यापर्यंत चाला, रमतगमत नाही, दम लागेल असं.
दुधाचा सगळा चहा करू नका.
संध्याकाळनंतर चहा बंद.
माझ्या टेबलाखाली थर्मास असतो,
त्याच्याबद्दल कोणी विचारत नाही.

शेवटच्या पाळीची तारीख?
हे मी रोज चाळीस जणींना विचारते.
माझी मला माहीत नाही.
शेवटची पाळी सांगून येत नाही,
इतरांसारखीच येते, कंबर धरून,
आपण वैतागतो,
आणि ती जाते.
जुलै असावा. की ऑगस्ट, पोलिओचा बूथ होता तेव्हा.
पर्समध्ये एक पॅड अजून आहे,
वेष्टणाच्या कडा झिजलेला.
काढत नाही.
कुणाला लागलं तर.

जिन्यावर चपला वाजल्या.
मोगलांची लंकाबाई,
हातात शेकोटीतलं रताळं, पदरात धरलेलं,
अंगावर दोन शाली.
शेजारी उभी राहिली. रताळं मोडलं.
वाफ निघाली, तशी आधी एक शाल काढली,
मग दुसरी, कठड्यावर टाकल्या.
माझ्याकडे न बघता विचारलं,
"तुम्हाला कधीपासून?"

पट्टा नव्हता, पडदा नव्हता.
मी सांगायला लागले.
खालून थोरला ओरडत होता,
"लंके, पाचोळा संपला!"
ती म्हणाली, "संपू दे.
बोला तुम्ही."